आवृत्तीचा क्रमांक म्हणजे दशांश अपूर्णांक नव्हे

३.१० मोठे की ३.९? अंकगणित शिकलेला विद्यार्थी ‘३.९’ असे उत्तर देईल व ते बिनचूक असेल. परंतु हाच प्रश्न संगणकाच्या आज्ञावलीच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या, आवृत्त्यांविषयी विचारला तर तेच उत्तर चुकीचे ठरते. पायथन या संगणकभाषेची ३.९ ही आवृत्ती २०२० साली निघाली आणि ३.१० ही २०२१ साली. येथील टिंब हे दशांशचिन्ह नसून दोन पूर्णांकांना विभागणारी खूण होय. क्रिकेटमधील १९.५ षटके म्हणजे साडेएकोणीस षटके नव्हेत, तर एकोणीस षटके व पाच चेंडू. तसाच हा प्रकार आहे.

आवृत्ती ही केवळ अक्षरांची ओळ मानली तरीही फसगत होते. मग शब्दकोशाप्रमाणे एकेक अक्षर ताडले जाते आणि ‘१०’ मधील १ हा ९ च्या आधी येतो. २००९ साली ऑपेरा या ब्राउझरची दहावी आवृत्ती आली, तेव्हा काही संकेतस्थळे क्रमांकातील पहिलाच अंक वाचून तिला पहिली आवृत्ती समजत. अखेर त्या ब्राउझरला आपली ओळख ९.८० अशी सांगावी लागली.

ही चूक क्षुल्लक मानणे योग्य नाही. नव्या आवृत्तीत सुरक्षेची दुरुस्ती असते. ती आवृत्ती जुनी ठरवली गेली तर दुरुस्ती उपलब्ध असूनही यंत्र असुरक्षित राहते. शिवाय ही चूक नऊपर्यंत दडून राहते व दहाव्या पावलाला प्रकट होते.

उपाय सोपा आहे. क्रमांक टिंबांपाशी तोडावा, प्रत्येक भाग पूर्णांक मानावा आणि डावीकडून तुलना करावी. जेथे प्रथम फरक आढळेल तेथेच निर्णय होतो. मात्र २.०.० ची ‘बीटा’ म्हणजे चाचणीची आवृत्ती नाव लांब असूनही २.०.० च्या आधीची असते. असे बारकावे पुष्कळ असल्यामुळे स्वतः नवी रीत रचण्यापेक्षा त्या त्या भाषेतील पारखलेली तयार साधने वापरणेच शहाणपणाचे होय.

आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण देताना आकडेमोडीआधी एक सवय लावली पाहिजे : समोरचे चिन्ह कशाचे आहे, हे प्रथम विचारावे. रूप सारखे म्हणून अर्थ सारखा, असे समजणे हेच या चुकीचे मूळ आहे.