खेळ मांडल्यावर नियम बदलणाऱ्यांना कोण विचारणार?

शिक्षक भरतीच्या बाबतीत आपल्याकडे एक रीतच पडून गेली आहे. आधी परीक्षा घ्यायची, मग जाहिरात काढायची, त्यानंतर नियम आठवायचे आणि अखेर सर्वांनी मिळून न्यायालयाची पायरी चढायची. उमेदवार याचिका करतो, शासन मुदत मागते, भरतीला स्थगिती मिळते, वकील युक्तिवाद करतात आणि वर्षे निघून जातात. या सगळ्या धामधुमीत एक पक्षकार असा असतो, ज्याचे वकीलपत्र कोणीच घेतलेले नसते. तो म्हणजे शिक्षकाची वाट पाहणारा विद्यार्थी.

हा पक्षकार पाहायचा असेल तर फार लांब जायला नको. मुंबईहून सुटणारी लोकल कर्जत आणि खोपोलीपर्यंत येते. परंतु गाडीतून उतरून कशेळे-खांडसच्या दिशेने सह्याद्रीच्या कुशीत शिरावे किंवा चौकवरून इर्शाळगडाच्या पायथ्याशी जावे. महानगराच्या सावलीतला हा मुलूख अगदीच वेगळा भासतो. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत ठाकर आणि कातकरी समाजाच्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत. त्यांतील एक वाडी, खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली, तेव्हाच ती साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाली. अशा वाड्यांवर जिल्हा परिषदेची शाळा ही बहुधा शासनाची एकमेव खूण असते.

या शाळा लहान, पुष्कळदा द्विशिक्षकी. त्यांतील एक पद रिक्त राहिले की उरलेल्या एका शिक्षकाने सगळे वर्ग सांभाळायचे, पोषण आहार पाहायचा, माहितीचे तक्ते भरायचे आणि केंद्राच्या बैठकीलाही जायचे. त्यात कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या कामासाठी स्थलांतर करतात. म्हणजे अनेक मुलांच्या वाट्याला शाळा येते ती जून ते दिवाळी एवढीच. भरतीला सहा महिन्यांची स्थगिती हा मंत्रालयाच्या दृष्टीने किरकोळ विलंब असेल. कातकरी मुलाच्या दृष्टीने ते संपूर्ण शैक्षणिक वर्ष असते. शिक्षक भरतीतील न्यायालयीन वादांचा विचार या वाडीवर उभे राहून केला, तरच त्याचे खरे स्वरूप ध्यानात येते.

धरसोडीची दीड तपे

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ अन्वये राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी अधिसूचना काढून पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी पात्रता परीक्षा, म्हणजे ‘टीईटी’, आवश्यक केली. महाराष्ट्रात हा नियम १३ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने आला आणि पहिली परीक्षा डिसेंबर २०१३ मध्ये झाली. दरम्यान २ मे २०१२ पासून शिक्षक भरतीवर निर्बंध आले होते. म्हणजे परीक्षा सुरू झाली, तेव्हा नोकरीचे दार बंद होते!

पुढे २०१७ मध्ये ‘पवित्र’ ही संगणकीय प्रणाली आली आणि तिच्यासोबत दुसरी परीक्षा आली, ती अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. दोनशे गुणांची ही चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली. त्यानंतरची थेट फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये आणि तिसरी मे-जून २०२५ मध्ये. पहिल्या दोन चाचण्यांमधील पाच वर्षांत किती उमेदवारांची वयोमर्यादा उलटून गेली असेल, याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय? टीईटीच्या प्रमाणपत्राची मुदत प्रारंभी सात वर्षांची होती. जून २०२१ मध्ये ती आजीवन करण्यात आली, तीही पूर्वलक्षी प्रभावाने. निर्णय चांगला; पण मुदत संपल्याच्या समजुतीने ज्याने पुन्हा परीक्षा दिली किंवा वैतागून दुसरा मार्ग धरला, त्याने काय करावे?

परीक्षांच्या पावित्र्याचे तर बोलायलाच नको. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या टीईटीतील गैरव्यवहार उघडकीस आला. डिसेंबर २०२१ मध्ये परीक्षा परिषदेच्या तत्कालीन प्रमुखांनाच पुणे पोलिसांनी अटक केली आणि २०२२ मध्ये सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. कुंपणानेच शेत खाल्ले, तर राखण कोणी करायची?

या काळात राज्यात निरनिराळ्या पक्षांची सरकारे आली आणि गेली. सरकारे बदलली, रीत बदलली नाही. त्यामुळे हा विषय एखाद्या पक्षाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा नाही. प्रशासनाच्या सवयीचा आहे.

न्यायालये काय सांगतात?

‘खेळ सुरू झाल्यावर नियम बदलता येणार नाहीत’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये के. मंजुश्री विरुद्ध आंध्र प्रदेश या प्रकरणात ठामपणे मांडले. तरीही त्याची व्याप्ती किती, याविषयी वाद राहिला. राजस्थान उच्च न्यायालयाने २००९ मध्ये अनुवादकांच्या तेरा जागा भरताना परीक्षा झाल्यावर ७५ टक्के गुणांची अट घातली. एकवीस उमेदवारांपैकी तिघेच त्या अटीत बसले. त्या प्रकरणाचा निकाल पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आणि मंजुश्री प्रकरणातील तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. तत्त्व जिंकले, परंतु २००९ मध्ये परीक्षा दिलेल्या तरुणाचे वय तोवर पंधरा वर्षांनी वाढले होते.

याच्या शेजारी उत्तर प्रदेशातील ६९ हजार शिक्षकांच्या भरतीचा खटला ठेवून पाहावा. तेथे परीक्षा झाली ६ जानेवारी २०१९ रोजी आणि किमान गुणांची अट जाहीर झाली दुसऱ्या दिवशी : खुल्या गटाला ६५ टक्के, राखीव गटाला ६० टक्के. आदल्या वर्षी हीच अट ४५ आणि ४० टक्क्यांची होती. सामान्य माणसाला हा उघड अन्याय वाटेल. तथापि १८ नोव्हेंबर २०२० रोजी न्या. उदय लळित यांच्या पीठाने ही अट वैध ठरवली. कारण त्या परीक्षेसाठी आधी कोणतीच किमान मर्यादा निश्चित केलेली नव्हती आणि चांगले शिक्षक निवडण्याचा हेतू गैर म्हणता येत नव्हता.

हे दोन निकाल वरवर परस्परविरोधी वाटले, तरी त्यांतून एकच धडा निघतो. जेथे नियम स्पष्ट असतो, तेथे शासनाचे हात बांधलेले असतात. जेथे नियम मौन असतो, तेथे शासनाला मोकळीक मिळते. घटनापीठानेही सांगितले आहे की, गुणांची मर्यादा ठेवायची असेल तर ती प्रक्रिया सुरू होण्यापूर्वी ठरवावी. आणि टप्प्याटप्प्याने ठरवण्याचा अधिकार नियमांनीच दिला असेल, तर तो टप्पा येण्याआधी तरी ती ठरलेली असावी. म्हणून उमेदवारांच्या संघटनांनी केवळ ‘नियम बदलू नका’ अशी घोषणा देऊन भागणार नाही. ‘नियम अपुरे ठेवू नका’ ही खरी मागणी हवी.

चुकीचा नियम आणि उशिरा आलेला नियम

प्रत्येक बदल अन्याय्यच असतो, असेही नव्हे. २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले. लहान मुलांना शिकवणे ही माध्यमिक अध्यापनाची सोपी आवृत्ती नाही, त्याचे शास्त्र वेगळे आहे, ही साधी गोष्ट त्या वेळी विसरली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी ती अधिसूचना रद्द ठरवली आणि पुढे एप्रिल २०२४ मध्ये, त्या तारखेपूर्वी नेमल्या गेलेल्यांना संरक्षण दिले. निकाल बालकांच्या हिताचा आहे, यात शंका नाही. परंतु मधल्या पाच वर्षांत त्या नियमावर विसंबून बी.एड.धारकांनी प्राथमिकच्या परीक्षा दिल्या, त्याच काळात डी.एड. झालेला तरुण मागे पडला आणि दोघेही न्यायालयात एकमेकांसमोर उभे राहिले. चूक नियम करणाऱ्यांची. भांडण लागले दोन बेकारांत.

सर्वांत जिव्हारी लागणारा निकाल १ सप्टेंबर २०२५ चा आहे आणि तो महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात आहे. सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी अनिवार्य ठरली. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे, त्यांनी दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावे. ज्यांचा काळ त्याहून कमी, त्यांची नोकरी राहील, मात्र पदोन्नती मिळणार नाही. वास्तविक २०१० च्या अधिसूचनेने जुन्या शिक्षकांना या परीक्षेतून वगळले होते. विशी-पंचविशीत रुजू झालेला, वाडीवर पायी जाऊन दोन पिढ्यांना अक्षरओळख करून देणारा शिक्षक पन्नाशीला आला असताना त्याला परीक्षार्थी व्हावे लागणार आहे. आपल्या वाचकांच्या कित्येक घरांत असे शिक्षक आहेत. त्यांची अस्वस्थता समजण्यासारखी आहे.

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. परीक्षेला विरोध ही योग्य भूमिका नव्हे. जो मुलांची परीक्षा घेतो, त्याने स्वतःच्या परीक्षेला नकार दिला तर समाजाचा त्याच्यावरील विश्वास उणावतो. आक्षेप घ्यायचा तो परीक्षेच्या तत्त्वावर नव्हे, बदलाच्या ओझ्याच्या वाटपावर. पंधरा वर्षे शासन स्वस्थ बसले आणि त्या स्वस्थतेची किंमत शिक्षकाने दोन वर्षांत चुकवायची, हे न्याय्य नाही. नियम बदलण्याचा अधिकार शासनाला आहे. पण त्या बदलाचा भार बदल करणाऱ्याने उचलला पाहिजे. सेवेतील शिक्षकांसाठी तालुक्याच्या ठिकाणी मार्गदर्शनवर्ग, अभ्यासासाठी रजा, अशैक्षणिक कामांतून सुटका आणि मुदतीत परीक्षेच्या पुरेशा संधी एवढे तरी शासनाने दिलेच पाहिजे.

याच निकालात न्यायालयाने आणखी एक प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला आहे : अल्पसंख्य संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून पूर्णतः वगळणारा २०१४ चा निकाल योग्य होता काय? पात्र शिक्षक हा जर बालकाचा हक्क असेल, तर तो शाळा कोणाची आहे हे पाहून कमी-जास्त होऊ नये. या प्रश्नाचे उत्तर त्या शाळांत शिकणाऱ्या मुलांच्याही हिताचे ठरेल.

वाडीला शिक्षक मिळणार कसा?

कर्जत-खालापूरच्या दृष्टीने आणखी एक गाठ सुटायची आहे. शेजारच्या मुरबाड तालुक्यातील काही गावे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येतात. रायगड जिल्हा मात्र त्या यादीत नाही. डोंगर तोच, ठाकर-कातकरी तेच. पण सीमारेषेच्या अलीकडे ‘पेसा’तील स्थानिक पदभरती नाही. जेथे ती आहे, तेथेही वाद चुकलेले नाहीत. अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकांची शंभर टक्के पदे स्थानिक जनजातींसाठी राखणारा आंध्र प्रदेशचा २००० सालचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२० रोजी घटनाबाह्य ठरवला. त्याचे पडसाद महाराष्ट्रात उमटले आणि निवड झालेल्या जनजाती तरुणांना नियुक्तीसाठी आंदोलने करावी लागली.

दुसरीकडे गुणवत्ता यादीतून मराठवाडा-विदर्भातील उमेदवार कोकणात येतात आणि काही वर्षांनी स्वजिल्ह्यात बदली घेतात. त्यांना दोष देता येणार नाही. घरची ओढ कोणाला नसते? पण मागे राहिलेले पद पुन्हा रिक्त होते. यावर उपाय म्हणून २०२३ च्या जूनमध्ये नव्या शिक्षकांचा आंतरजिल्हा बदलीचा हक्कच काढण्यात आला, तोही त्या वर्षीची अभियोग्यता चाचणी होऊन गेल्यावर. हेतू कोकणच्या शाळांच्या हिताचा. क्रम पुन्हा उलटा.

काय व्हावे?

मार्ग अवघड नाहीत. अभियोग्यता चाचणी आणि भरती यांचे वार्षिक वेळापत्रक असावे. पात्रता, किमान गुण, प्राधान्यक्रम, बिंदुनामावली आणि बदलीचे धोरण हे सारे चाचणीच्या अर्जापूर्वी एकत्र प्रसिद्ध व्हावे. नंतरचा कोणताही बदल पुढच्या भरतीपासून लागू व्हावा. जाहिरातीची कायदेशीर छाननी आधीच झाली, तर निम्म्या याचिका जन्मालाच येणार नाहीत. उरलेल्या याचिकांचा निकाल एका शैक्षणिक वर्षाच्या आत लागावा. आणि कर्जत-खालापूरच्या वाड्यांतील ठाकर-कातकरी मुले-मुली डी.एड. होऊन पात्रता परीक्षेत उतरतील, अशी तयारी आश्रमशाळा आणि वसतिगृहांतूनच व्हावी. आरक्षणाचे वाद न्यायालयात गुंतून पडतात. स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या वाडीवर शिकवणारा पात्र शिक्षक मात्र कोणत्याही स्थगितीने अडत नाही.

येथे समाजाचेही कर्तव्य आहे. माथेरानचे हुतात्मा भाई कोतवाल हे पेशाने वकील. परंतु न्यायालयाच्या पायरीवर न थांबता त्यांनी कर्जत तालुक्यात खेडोपाडी स्वयंसेवी शाळा उभ्या केल्या आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर देह ठेवला. त्यांच्याच तालुक्यात आज शाळेची इमारत आहे, पटावर मुले आहेत, परीक्षा उत्तीर्ण झालेले तरुणही आहेत. त्यांना एकत्र आणणारी नियमांची साखळी तेवढी तुटलेली आहे. ती सांधली जाईपर्यंत प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या परिसरातील एका शाळेतील रिक्त पद कोणत्या कारणाने रिक्त आहे, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी विचारावे. गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय मांडावा. आणि दिवाळीपूर्वीच्या चार महिन्यांत जमेल तेवढा वेळ एखाद्या वाडीवर द्यावा. न्यायालयाची तारीख पुढे ढकलता येते. सात वर्षांच्या मुलाचे सातवे वर्ष पुढे ढकलता येत नाही.