पाळण्याचा खर्च कोणी सोसावयाचा?

पहिले बाळंतपण माहेरी, हा महाराष्ट्रातील अनेक घरांचा अलिखित कायदा आहे. डोहाळजेवण उरकले की लेक माहेरी येते. पुढे अळिवाचे व डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, पाचवीची पूजा आणि बारसे असा सारा सोहळा यथासांग पार पडतो. या रीतीचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यामागे दडलेला हिशेब सहसा कोणी मांडत नाही. खर्च मुलीच्या बापाने करावयाचा आणि शुश्रूषेचे कष्ट तिच्या आईने उपसावयाचे, अशी ही वाटणी आहे. एका अर्थाने ती विमायोजनाच होय. मात्र तिचा हप्ता एकाच घराने भरावयाचा असतो.

ही व्यवस्था आता डळमळू लागली आहे. डोंबिवलीत दोन खोल्यांत राहणारे जोडपे दोघांच्या पगारावर घराचे कर्ज फेडीत असते. माहेरची आई एक तर स्वतःच नोकरीत असते किंवा तिची प्रकृती साथ देत नाही. घरात तिसरे माणूस येते आणि नेमक्या त्याच वेळी दोनपैकी एक पगार थांबण्याची धास्ती निर्माण होते. म्हणूनच पहिल्या बाळाच्या स्वागताचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न आता केवळ घरगुती राहिलेला नाही.

मालकाच्या माथी

कायद्याने या प्रश्नाला उत्तर दिले आहे, पण ते अपुरे आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद ठेवण्यात आली. बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध मिळावे, या वैद्यकीय सल्ल्याशी ही मुदत जुळते. मुदतीविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. दोष आहे तो पैसे कोणी द्यावयाचे, या तरतुदीत. रजेच्या काळातील सारा पगार त्या एका मालकाच्या माथी मारलेला आहे.

दहा-पंधरा माणसांच्या कचेरीत एक कर्मचारी सहा महिने रजेवर गेली की तिचाही पगार द्यावा लागतो आणि तिच्या जागी घेतलेल्या माणसाचाही. अशा मालकाने नवविवाहित उमेदवाराऐवजी पुरुषाची निवड केली, तर ती अन्याय्य असली तरी अनपेक्षित म्हणता येणार नाही. स्त्रीच्या हितासाठी केलेला कायदा तिलाच दाराबाहेर ठेवण्याचे निमित्त ठरतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने हा धोका फार पूर्वी ओळखला होता. प्रसूती लाभाचा खर्च एकट्या मालकावर टाकू नये, तो सक्तीच्या सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून भागवावा, असे तिच्या १९५२ च्या करारात नमूद आहे. भारताने तो करार स्वीकारलेला नाही.

त्याहून जुना दाखला तर घरचाच आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असे प्रतिपादन केले होते की, मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे. १९२९ साली विधेयकाचा कायदा झाला. भार मात्र मालकावरच राहिला.

कुंपणाबाहेरच्या माता

ही रजा ज्यांना मिळते त्या निदान कायद्याच्या कुंपणात आहेत. भाजी विकणारी, धुणीभांडी करणारी, कोयता घेऊन उसाच्या फडात उतरणारी स्त्री त्या कुंपणाबाहेर आहे. सुशिक्षितांनी दूर पाहण्याचेही कारण नाही. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविणारी प्राध्यापिका घ्या. जितके तास, तितके मानधन. तास थांबला की पैसा थांबला. तिचे बाळ आणि कायम प्राध्यापिकेचे बाळ यांच्या भुकेत काही फरक असतो काय?

असंघटित मातांसाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६ हजार रुपयांचे आश्वासन दिले. २०१७ साली प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली, ती पहिल्या अपत्यासाठी ५ हजारांची. २०२२ च्या फेररचनेनंतरही पहिल्या बाळाचा आकडा तोच राहिला. सहा महिन्यांवर वाटली तर ही रक्कम महिन्याला साडेआठशेही भरत नाही. तमिळनाडूने २०१८ साली आपली मदत १८ हजारांवर नेली. तेव्हा प्रश्न केवळ ऐपतीचा नाही, निकडीच्या जाणिवेचा आहे. पित्याची कथा तर आणखी आखूड आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १९९७ पासून १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीतील बापासाठी तशी तरतूद १९६१ च्या कायद्यात नव्हती, २०२० च्या संहितेतही नाही.

मूल होणे ही खासगी बाब आहे, त्याचा बोजा इतरांवर का, असा आक्षेप घेतला जातो. परंतु आजचे बाळ उद्या कर भरणार आहे, कारखाना चालविणार आहे आणि आज आक्षेप घेणाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा भारही वाहणार आहे. लाभ सर्वांचा आणि खर्च एकटीचा, हा न्याय नव्हे. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ पर्यंत उतरला आहे. अनेक घरांत पहिले मूल हेच शेवटचे ठरणार आहे.

मार्ग नवा शोधावयाचा नाही. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने तो दाखवून दिला आहे. त्यात मालक आणि कामगार दोघेही वर्गणी भरतात व प्रसूतीचा लाभ निधीतून दिला जातो; म्हणून अमुक एका कर्मचारी स्त्रीला मूल झाल्याने तिच्या मालकावर त्या लाभाचा वेगळा बोजा पडत नाही. वेतनमर्यादेची आणि आस्थापनेच्या आकाराची अट दूर करून, सरकारने आपला वाटा घालून, हा निधी प्रत्येक कष्टकरी मातेपर्यंत पोहोचविला पाहिजे. त्यातूनच पित्यालाही काही आठवड्यांची रजा देता येईल.

बारशाला पाळण्याची दोरी ओढण्यासाठी सारी आळी जमते. दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगतात आणि दोरी आईच्या हातात उरते. ती थोडी समाजानेही हातात घ्यावी, एवढेच मागणे आहे.