नदीची नोंद कोणी ठेवावी?

नौकांचा इतिहास समुद्रकाठच्यांनी लिहावा, नागपूरकरांचा त्याच्याशी संबंध काय, असे आपल्यातील सुशिक्षितही विचारतात. हा प्रश्न आम्हांस मान्य नाही. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. पुढे प्राणहिता आणि गोदावरी होऊन ते पाणी बंगालच्या उपसागरास जाते. याच जलमार्गाने इकडचा कापूस समुद्रापर्यंत न्यावा म्हणून एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने दुम्मागुडेमपासून देवलमरीपर्यंतचे खडकांचे अडसर ओलांडण्याची कामे हाती घेतली होती. १८६७ साली नागपुरास आगगाडी आली आणि १८७१ साली ती योजना सोडून देण्यात आली.

सरकारची फसलेली योजनाही दप्तरात जिवंत राहते. पिढ्यान् पिढ्या डोंगा चालविणाऱ्या ढीवर समाजाचे ज्ञान मात्र दप्तरात नाही, ते माणसांच्या स्मरणात आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी वैनगंगेकाठच्या पवनीस उत्खनन केले आणि प्राचीन स्तूप उजेडात आणला. त्या कार्याबद्दल आम्हांस आदरच आहे. परंतु दगड वाट पाहू शकतो. लाकूड कुजते, आणि जाणता म्हातारा गेला की शब्दही जातो. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याने नदीचे काठ बदलले, जुने उतार पाण्याखाली गेले, गावे उठली. होडी कोठे लागत असे, हे सांगणारी माणसे अजून आहेत तोवरच विचारावयास हवे.

हे तज्ज्ञांचे काम आहे, असा दुसरा आक्षेप. १९८६ साली दुष्काळाने गालील सरोवर आटले, तेव्हा चिखलातील दोन हजार वर्षांपूर्वीची होडी प्रथम दिसली ती दोघा कोळी भावांना. ती बाहेर काढणे व टिकविणे हे तज्ज्ञांचे काम खरेच. पण पाहणारे डोळे काठावरच्यांचे होते. आपल्याकडे टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८६३ साली पुराच्या पाण्यात बुडाले. ते आपल्या पंथाचे नव्हते, व्यवसायाने पुरातत्त्वज्ञही नव्हते. तरीही या भूमीचा अभ्यास त्यांना आपले कर्तव्य वाटले.

आपली कुटुंबे सहलीसाठी अंभोऱ्याच्या संगमावर जातात. गालीलच्या कोळ्यांवरील प्रवचने आपण भक्तिभावाने ऐकतो. पण वैनगंगेच्या कोळ्याचे नाव आपण कधी विचारले आहे काय? शेजाऱ्याच्या श्रमाविषयी इतकी बेफिकिरी आम्हांस श्रद्धेशी विसंगत वाटते.

म्हणून आमचे सांगणे आहे की, धर्मग्रामातील युवकांनी व आपल्या शाळांनी कन्हानकाठच्या कामठीपासून आरंभ करावा. वही, मोजपट्टी आणि कॅमेरा पुरे. डोंग्याची लांबी-रुंदी, लाकूड, प्रत्येक भागाचे स्थानिक नाव, तो घडविणारा सुतार, घाट व उतार यांची नावे सांगणाऱ्याच्या संमतीने लिहावीत. कोठेही खणू नये, काहीही उचलून आणू नये. जुनी वस्तू दिसल्यास पुरातत्त्व विभागास कळवावे. नोंदीवर प्रथम सांगणाऱ्याचे नाव असावे आणि एक प्रत त्याच्या घरी पोहोचावी. एरवी त्याच्याकडून माहिती घेऊन आपण आपलाच गौरव करून घेऊ, आणि आजवर इतरांनी जे केले तेच आपणही केले असे होईल.