अर्ध्या स्वेटरपेक्षा पुरे मोजे बरे

मैत्रिणींनो, दिवाळीचे डबे रिकामे होऊन फळीवर जातात, पहाटे नळाच्या पाण्याने बोटं आखडायला लागतात, आणि मग घरोघरी माळ्यावरची ट्रंक खाली उतरते. शाली निघतात, कानटोप्या निघतात, आणि सगळ्यांत तळाशी, डांबरगोळ्यांच्या वासात, एक अर्धा स्वेटर निघतो. पाठ पूर्ण, पुढची एक बाजू काखेपर्यंत, सुई तशीच टाक्यांत अडकलेली. ज्या घरात विणकाम होतं त्या घरात असा एक तरी स्वेटर असायचाच. तो बाहेर आला की घरातली मंडळी हसतात, आणि बाईच म्हणते, “माझ्या हातून काही पुरं होत नाही बाई!”

हे काही खरं नाही. तो स्वेटर कुठे थांबला आहे ते नीट बघा. सुलट-उलट जिथे सरळ चाललं होतं तिथे तो थांबलेला नाही. तो थांबतो काखेपाशी, गळ्यापाशी, नाहीतर बटणपट्टीपाशी. म्हणजे जिथे हाताला न झालेलं काम पुढ्यात आलं, तिथे. आळशी बाई पाठ तरी कशाला पुरी करेल?

मोठ्या स्वेटरची अडचण अशी, की त्यातली अवघड कामं सगळी शेवटी येतात. गळ्याचे टाके उचलायची वेळ येते तोवर चारशे-पाचशे ग्रॅम लोकर आणि दोन महिन्यांच्या दुपारी खर्ची पडलेल्या असतात. मग हात भीतच चालतो. उसवायचं म्हटलं तर पोटात गोळा येतो. पण हेच टाके उचलायचं काम बाळाच्या मोज्यावर करून बघा. ते पहिल्याच दिवशी येतं, दहा-दहा टाक्यांचं असतं, आणि बिघडलं तर अर्ध्या तासात उसवून पुन्हा विणता येतं. म्हणून या हिवाळ्यात माझं सांगणं एकच. नवीन काही शिकायचं असेल तर छोटी वस्तू घ्या, आणि एका वस्तूत नवी गोष्ट एकच घ्या.

आपल्याकडच्या थंडीलाही हेच सोयीचं आहे. नाशिक, पुणे, महाबळेश्वर सोडलं तर अंगभर जाड स्वेटर घालायचे दिवस असे किती? कानपट्टी, टोपी, मोजे मात्र पहाटे फिरायला जाताना, एस.टी.च्या रात्रीच्या प्रवासात हमखास लागतात.

लोकरीबद्दल दोन शब्द. शिकण्यासाठी काळी, गडद निळी किंवा केसाळ लोकर घेऊ नका. टाका दिसलाच नाही तर शिकणार काय? फिकट रंगाची, गुळगुळीत, मध्यम पिळाची घ्या. सुयांचे नंबर आपल्याकडे अजून जुन्या इंग्लिश पद्धतीचे चालतात, म्हणजे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आपली 8 नंबरची सुई 4 मि.मी. जाडीची, 10 नंबरची सव्वातीन मि.मी.ची. परदेशातल्या मुलीने अमेरिकन पुस्तक पाठवलं असेल तर सांभाळा. त्यांचे नंबर उलटे चढतात, आणि त्यांची 8 नंबरची सुई 5 मि.मी.ची असते.

पहिली वस्तू कानपट्टी आणि त्यात नवी गोष्ट वेणी, म्हणजे केबल. 50 ग्रॅम मध्यम लोकर आणि 8 नंबरच्या सुया घ्या. 18 टाके घाला. पुढची ओळ : 4 सुलट, 2 उलट, 6 सुलट, 2 उलट, 4 सुलट. परतीची ओळ : 6 सुलट, 6 उलट, 6 सुलट. अशा चार ओळी झाल्या की पाचव्या ओळीत मधल्या सहा टाक्यांपैकी पहिले तीन न विणता एका जादा सुईवर काढून पुढच्या बाजूला सोडा, पुढचे तीन सुलट विणा, मग सोडलेले तीन विणा. सहावी ओळ परतीची. याच सहा ओळी पुन्हा पुन्हा. वेणीची खास सुई विकत आणायची गरज नाही, अंबाड्याचा आकडा छान काम देतो. सोडलेले टाके पुढे ठेवले तर पीळ डावीकडे वळतो, मागे ठेवले तर उजवीकडे. डोक्याचा घेर मोजून त्यापेक्षा सहा सें.मी. कमी लांबी झाली की टाके बंद करून दोन्ही टोकं शिवून टाका.

या पट्टीतून आणखी एक गोष्ट कळते, आणि ती महत्त्वाची आहे. वेणी कापडाला आत ओढते. पट्टी टाक्यांच्या हिशोबापेक्षा अरुंद झाल्याचं तुमच्या लक्षात येईल. स्वेटरच्या पुढच्या बाजूला चार वेण्या घातल्या आणि टाके मात्र साध्या विणीइतकेच ठेवले तर तो स्वेटर नवऱ्याऐवजी मुलाला होतो, तो याच कारणाने! पट्टी थोडी अरुंद झाली म्हणून काही बिघडत नाही.

माप घेण्याच्या बाबतीत अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन या इंग्लिश बाईंची युक्ती मला फार पटते. ‘निटिंग विदाउट टीअर्स’ हे त्यांचं पुस्तक 1971 सालचं. त्यांचं म्हणणं असं, की टाक्यांचं माप काढायला चौकोनी तुकडा विणून फेकण्यापेक्षा सरळ एक टोपी विणावी. मापही मिळतं आणि डोक्याला टोपीही होते. काटकसरीने संसार करणाऱ्या बाईला हे वेगळं पटवून द्यायला नको.

आता बाळाचे मोजे. यात शिकायचं ते टाके उचलणं. 25 ग्रॅम बारीक मऊ लोकर जोडीला पुरते, सुया 10 नंबरच्या. 36 टाके घालून 16 ओळी एक सुलट एक उलट विणा. मग नाडीच्या छिद्रांची ओळ : 1 सुलट, * लोकर पुढे घ्या, 2 टाके एकत्र सुलट *, फुल्यांमधलं पुन्हा पुन्हा, शेवटी 1 सुलट. परतीची ओळ सगळी सुलट. इथून पुढे सगळंच सुलट. आता दोन्ही बाजूंचे 12-12 टाके पिनांवर काढून ठेवा आणि मधल्या 12 टाक्यांवर 20 ओळी विणा. ही झाली पावलावरची जीभ. लोकर तोडा.

आता खरं काम. पुढची बाजू आपल्याकडे धरून उजवीकडचे 12 टाके विणा, जिभेच्या कडेने 10 टाके उचला, जिभेचे 12 विणा, दुसऱ्या कडेने 10 उचला, उरलेले 12 विणा. एकूण 56. दहाच का, ते बघा. सगळ्या ओळी सुलट विणल्या की दर दोन ओळींचा एक उंचवटा दिसतो. 20 ओळींचे उंचवटे 10, आणि एका उंचवट्याला एक टाका. हिशोब डोळ्यांना दिसतो म्हणूनच शिकायला ही वीण घेतली. एक ओळ सुलट एक उलट अशा साध्या विणीत दर चार ओळींना तीन टाके उचलायचे. जास्त उचलले तर पट्टी झालरीसारखी लाटा मारते, कमी उचलले तर आवळते. तुमच्या त्या स्वेटरची बटणपट्टी किंवा गळा इथेच अडला असेल, तर आता अडायचं कारण नाही.

56 टाक्यांवर 11 ओळी विणा. मग तळवा. 1 सुलट, 2 एकत्र, 22 सुलट, 2 एकत्र, 2 सुलट, 2 एकत्र, 22 सुलट, 2 एकत्र, 1 सुलट. एक साधी ओळ. पुन्हा तसंच, फक्त 22 च्या जागी 20. एक साधी ओळ, मग 18. शेवटी एक साधी ओळ विणून टाके बंद करा, तळवा आणि मागची बाजू शिवा. नाडी बांधून उरेल इतकीच ठेवा. तिला मणी-गोंडे लावू नका, कारण तान्ह्या बाळाचं सगळं तोंडात जातं. आणि मोजा उलटा करून आतून एकवार बघा. लोकरीचं सुटं टोक आत लोंबत असेल तर ते बाळाच्या बोटाभोवती गुंडाळून रक्त अडतं, आणि रडणाऱ्या बाळाचं कारण कुणाच्या ध्यानात येत नाही. टोकं शिवणीत पक्की ओवूनच टाका.

हे झाल्यावर घाबरायचं काम घ्या, मोज्याची टाच. चार सुयांवर गोल विणायचं म्हटलं की अनेकजणी हातच आखडता घेतात. पण चार सुया दिसतात तेवढंच. विणत असतात त्यातल्या दोनच, बाकीच्या नुसत्या टाके सांभाळत बसलेल्या असतात. एका सुईवरून दुसरीवर जाताना पहिला टाका जरा ओढून विणा, म्हणजे मध्ये शिडीसारखी फट पडत नाही.

लहान मुलाचा मोजा घ्या, 12 नंबरच्या सुया, 40 टाके. घोट्यापर्यंत गोल विणलं की निम्मे, म्हणजे 20 टाके टाचेला. पुढचे 20 तसेच राहू द्या. या 20 टाक्यांवर येरझारा घालत 20 ओळी विणा, सुलट बाजूने सुलट, उलट बाजूने उलट, आणि प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचला. कडेला साखळी तयार होते, तिचे दुवे 10.

आता टाच वळवायची. पहिला टाका उचला, 10 सुलट विणा. मग एक टाका उचला, एक विणा आणि उचललेला त्या विणलेल्यावरून पलीकडे काढा. आणखी 1 सुलट. इथेच थांबा आणि उलटा! सहा टाके मागे राहिले, राहू द्या. परतताना पहिला उचला, 3 उलट, 2 एकत्र उलट, 1 उलट, पुन्हा उलटा. तिकडेही सहाच राहतील. यापुढे प्रत्येक ओळीत फट दिसेल तिथपर्यंत या, फटीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक टाका एकत्र घ्या (सुलट ओळीत वरच्यासारखा टाका पलीकडे काढून, उलट ओळीत 2 एकत्र उलट), पुढचा एक विणा आणि उलटा. दोन्हीकडचे टाके संपले की सुईवर 12 उरतात आणि हातात एक वाटी तयार झालेली असते.

हे कसं झालं? मधल्या टाक्यांना ओळी जास्त मिळाल्या, कडेच्यांना कमी, म्हणून मध्य फुगला. खांद्याचा उतार आणि मानेमागचा उठाव याच युक्तीने काढतात. पुढे कडेच्या साखळीतून दहा-दहा टाके उचलायचे, ते तर तुम्हाला बाळाच्या मोज्याने शिकवलेलंच आहे. एकूण 52 होतील. मग एकाआड एक फेरीत दोन्ही कोपऱ्यांना एकेक टाका कमी करत 40 वर या, चवडा सरळ विणा आणि बोटांपाशी आवळा.

हल्ली मोबाइलवर हे सगळं डोळ्यांनी बघता येतं, आणि जरूर बघावं. एवढंच, की त्यातली बाई लोकर डाव्या बोटावर धरत असेल आणि तुम्ही उजव्या, तर तिचं बघून आपला हात बदलू नका. टाका कसा बसतो ते बघा, हात तुमचाच राहू दे.

एक मोजा झाला की बहुतेकींचा उत्साह संपतो आणि दुसरा वर्षभर राहतो. यावर उपाय एकच, पहिल्याचे टाके बंद केले त्याच बैठकीत दुसऱ्याचे घालायचे, चार ओळी का होईना. शिवाय पहिला मोजा विणताना ओळींचे आकडे वहीत मांडून ठेवा, नाहीतर जोडीतला एक मोजा बोटभर लांब होतो. सुयांचा नंबरही लिहा. पुढच्या वेळी हातमोज्याचा अंगठा घेऊ, त्याला याच 12 नंबरच्या सुया लागतील.