गांजाचे कार्ड नाही, पण वेदनेवर औषध आहे

परदेशातले नातेवाईक सांगतात, "इकडे रुग्णांना कार्डावर गांजाचे औषध मिळते, तुम्हीही अर्ज करा." घरात कर्करोगाचा रुग्ण असला की आपणही चौकशी करू लागतो. पण भारतात असे कार्ड नाही आणि परदेशी कार्ड इथे चालत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा एक किलोपर्यंत सापडला, तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. झाडाच्या शेंड्यांशिवाय नुसती पाने गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये भांगेच्या एका प्रकरणात जामीन दिला. आयुर्वेदात भांगेला 'विजया' म्हणतात. तिची औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर खरा आधार मॉर्फिनचा आहे. २०१४ च्या दुरुस्तीने त्याच्या परवान्यांची गुंतागुंत कमी केली. मान्यताप्राप्त रुग्णालयात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते मिळते. रुग्णाला कार्ड लागत नाही. तेव्हा कार्डाच्या मागे न लागता डॉक्टरांना स्पष्ट विचारूया. आणि औराद, भालकी, बसवकल्याण, आळंदच्या रुग्णाला या गोळीसाठी दूरच्या शहरात जावे लागू नये, ही मागणी आपण सर्वांनी मिळून करूया.