मधपेटीची खाच, आणि मशीनला कोणतं पातं लावायचं



कांद्याचं बी धरायचं तर गोंड्यावर मधमाशी पाहिजेच, हे आपल्या नगर जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. पेट्या महाग पडतात म्हणून बरेच जण आता घरीच ठोकायला लागलेत. मीही चार ठोकल्या. त्यातल्या दोन वाया गेल्या. माशांचा दोष नाही, खाचेचा.

पेटीत चौकटीचे कान टेकतात तिथं खाच लागते, आणि तळाची फळी बसवायला बाजूच्या पट्ट्यांना आडवी खोबण लागते. लँगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकन माणसाने 1851 साली हेरलं की माशी ये-जा करायला साधारण तीन सूत जागा मोकळी ठेवते. दोन सुतांपेक्षा कमी राहिली तर राळेने चिकटवून टाकते, तीनच्या वर गेली तर तिथं पोळं बांधते. माझी खाच सूतभर खोल गेली. चौकटी खाली बसल्या, वर जागा वाढली, आणि झाकण उघडताना पोळं फाटून मध गळायला लागला. दुसऱ्या पेटीत खोबणीचा तळ खडबडीत राहिला होता, त्या फटींत मेणकिडा शिरला.

आता मोबाईलवर परदेशी सुतार दाखवतात ते डॅडो पातं. बाहेरून दोन पाती, मधे कापणारे तुकडे, आणि एकाच फेऱ्यात पाऊण इंची खोबण तयार. बघायला लई भारी. पण माझं स्पष्ट मत आहे, आपल्याकडच्या मशीनसाठी ते घेऊ नका. एवढा जाड संच बसायला शाफ्ट लांब लागतो. गावातल्या बहुतेक टेबल कटरचा शाफ्ट आखूड असतो, नट दोन-तीन आट्यांवर कसाबसा धरतो. तो सुटला तर काय होईल ते लिहायची गरज नाही. हातातल्या कटरवर तर हा संच बसवायचाच नसतो.

त्याहून वाईट म्हणजे ग्राइंडरला लाकडाचं पातं. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतो, सात इंची लाकूड कटर पाच हजारांच्या आसपास. पातं लाकडात अडकलं की ग्राइंडर उलटा अंगावर येतो. माझ्या डाव्या अंगठ्याला सहा टाके आहेत, ते असेच पडले. पातं देणारा म्हणाला होता, "बिनधास्त चालवा."

मग घ्यायचं काय? सात इंची कटरला कार्बाइड दातांचं पातं. लांबीत फाळायला 24 दाती, आडवं कापायला 40 दाती. एवढ्यात काम भागतं. दात आलटून पालटून तिरके असले तर खोबणीच्या तळाला बारीक रेघा राहतात. सपाट माथ्याचे मिळाले तर तळ सपाट येतो, पण आडव्या कापात कडा जास्त फाटतात. मी 40 दातीच वापरतो, रेघा पटाशीने काढतो.

काम असं करतो. फळीची जाडी टेपने नाही, खुद्द फळी ठेवूनच आखतो. "इंची" म्हणून घेतलेलं पाईन रंधा मारल्यावर सहा सूत भरतं, इंच कुठलं! दोन्ही कडा आधी धारदार सुरीने कोरायच्या, म्हणजे आडव्या कापाला कुसळं उठत नाहीत. पातं फळीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच खाली. आधी टाकाऊ तुकड्यावर खोली बघायची, मग पट्टी शिकंज्याने घट्ट धरून दोन्ही कडांचे काप, मग मधले चार-पाच, आणि उरलेलं पटाशीने. एका खोबणीला दहा मिनिटं जातात. जाऊ द्या.

लाकडाचं एक सांगायचं राहिलं. कंपन्यांकडून येणारं पॅकिंगचं पाईन स्वस्त पडतं, मीही तेच आणतो. पण त्यावरचा शिक्का बघून घ्या. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन किडी मारलेलं, ते चालतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते मी माशांना वापरत नाही. आणि खिळे चुंबक फिरवून शोधा. एक खिळा लागला की कार्बाइडचे दात उडतात, आणि ते डोळ्याकडेच येतात. चष्मा घाला.

रविवारी अजून सहा पेट्यांच्या खोबणी पाडायच्यात. कुणाकडे खोबण पाडायचा जुना रंधा माळ्यावर पडून असेल तर कळवा. धार मी लावून घेईन, भाडंही देईन.