गस्त म्हणजे दबा नव्हे

गेल्या महिन्यात एका व्याख्यानमालेत दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांवर भाषण ऐकलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. वक्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पाणबुडी आठवडेच्या आठवडे पाण्याखाली दबा धरून बसायची, पेरिस्कोपात जहाज दिसलं की टॉर्पेडो सोडायची, कप्तान म्हणजे एकांडा शिलेदार, आणि दोन हल्ल्यांमधला काळ रिकामा, त्यात सांगण्यासारखं काही नाही. यावर टाळ्याही पडल्या.

पाण्याखाली! अटलांटिकवर सर्वांत जास्त वापरली गेलेली सातव्या प्रकारची पाणबुडी, म्हणजे ६७ मीटर लांबीची आणि पंचेचाळीस-पन्नास माणसांची नौका, ही पाण्यावरूनच चालायची आणि गरज पडली की बुडी मारायची. पाण्यावर डिझेल इंजिनांवर तिचा वेग ताशी सतरा सागरी मैल. पाण्याखाली डिझेलला हवा मिळत नाही, तिथे सगळी भिस्त बॅटरीवर. ताशी चार मैलांच्या चालीनं जेमतेम ऐंशी मैल, की बॅटरी भरायला वर येणं आलंच. मित्रराष्ट्रांचे संथ काफिलेसुद्धा ताशी सात मैलांच्या आसपास चालत. चार मैलांनी सरकणारा सात मैलांनी जाणाऱ्याला गाठणार कसा, हे शाळेतलं गणित व्यासपीठावर चढण्याआधी सोडवायला हवं होतं. क्षितिजावर धुराची रेघ दिसली की पाणबुडी नजरेआड राहून दिवसभर वळसा घालायची, काफिल्याच्या पुढे जायची आणि अंधार पडल्यावर बहुतेकदा पाण्यावरूनच आत शिरायची. ऑक्टोबर १९४० मध्ये एससी-७ काफिल्यातली ३५ पैकी २० जहाजं बुडाली, ती मुख्यतः अशा रात्रीच्या हल्ल्यांत. रोज बुडी मारली जायची ती बहुधा तोल साधण्यासाठी: तेल जळतं, अन्न संपतं, नौकेचं वजन बदलतं, मग टाक्यांतलं पाणी कमीजास्त करावं लागतं. पुढे विमानांच्या धाकानं आणि १९४४ पासून श्नॉर्केल, म्हणजे पाण्याखाली डिझेलला हवा पुरवणारी नळी, आल्यावर पाण्याखालचे तास वाढले, हे खरं. पण अखेरच्या काळाचं चित्र साऱ्या युद्धाला चिकटवणं ही लबाडी आहे.

एकांडा शिलेदार? जर्मन पाणबुडीदलाचा प्रमुख डोनिट्झ फ्रान्समधल्या लोरिआंजवळच्या मुख्यालयातून रेडिओवर प्रत्येकाला समुद्राचा चौकोन नेमून द्यायचा.

रिकामा काळ? इंजिनखोलीत सहा तास काम, सहा तास विश्रांती. एक उठला की त्याच्याच उबदार बंकात दुसरा शिरायचा. टॉर्पेडो ठरावीक दिवसांनी नळ्यांतून ओढून तपासावे लागत.

हाच वाद मी गडकिल्ल्यांवरून अनेकदा घातला आहे. एल्गाराच्या एका दिवसावर पानं भरायची आणि वर्षभर बुरुजावर जागणाऱ्याला एक ओळही द्यायची नाही, ही आपली जुनी खोड. तेव्हाही मला ‘तपशिलात अडकलेला’ म्हणत. म्हणोत.

माझं म्हणणं एवढंच, की गस्त म्हणजे बघणं. पाणबुडीच्या माथ्यावरच्या कठड्याशी चौघे, प्रत्येकाच्या वाट्याला क्षितिजाचा चौथा हिस्सा, डोळ्यांना दुर्बीण, आणि चार तासांची पाळी, पाऊस असो की लाटा. कुणी क्षणभर चुकला तर विमान डोक्यावर यायचं. या कामात माणसाचा जो कस लागायचा, तेच गस्तीचं मर्म, आणि ते भाषणात नव्हतं.

ऑक्टोबर १९४१ मध्ये यू-१०६ ही पाणबुडी वादळी समुद्रात होती. पाळी बदलायला माणसं वर चढली, तर कठड्याशी कुणीच नव्हतं. चौघांनाही लाटेनं नेलं होतं, आणि खाली कुणाला कळलंही नव्हतं.